शेळगावच्या एम.जी.ची खरी किंमत

बारामतीच्या आसपास जुन्या गाडीचा सौदा व्हायचा असला की दोन्ही बाजूंची माणसं आधी खाजाभाई शिकलगारांना गाठतात. बासष्ट वर्षांचे, अंगानं किरकोळ, पांढऱ्या दाढीचे हे मेकॅनिक गाडीभोवती अर्धा तास एकटेच फिरतात. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर टेकवत जातात. जिथं ते चिकटत नाही तिथं रंगाखाली लांबीची पुट्टी भरलेली, म्हणजे पत्रा कधीतरी सडलाय किंवा ठोकला गेलाय. दार उघडून मिटतात, आवाज ऐकतात. गालिचा उचलून वास घेतात. मग चासी नंबर, इंजिन नंबर, कागद. इतकं झाल्यावर आकडा सांगतात, आणि त्यांनी सांगितला की घासाघीस थांबते. त्यांचा मेहनताना ठरलेला. गाडी लाखाला जावो की पन्नास लाखांना, त्यात फरक नाही. "किमतीवर टक्का घेतला की नजर बिघडती," असं ते म्हणतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शेळगावहून राजलक्ष्मीबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान हिंदुराव जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोन्ही लेकी सासरी. गुडघ्यांनी दगा दिलेला, मोठ्या घरात एकटीला करमत नव्हतं. बारामतीत धाकट्या लेकीच्या शेजारी त्यांनी तळमजल्यावरचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. त्यासाठी हिंदुरावांची एम.जी. विकायची होती.

ही गाडी म्हणजे अख्ख्या इंदापूर तालुक्याचं कौतुक. एकोणीसशे एक्कावन्न सालची, इंग्लंडहून आलेली, दोनच माणसांची, कापडी टपाची लाल स्पोर्ट्‌स कार. हिंदुरावांच्या वडिलांनी ती एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतली, तेव्हापासून घराबाहेर गेली नव्हती. लग्नसराईत गाडी मागायला येणाऱ्या कितीतरी जणांना हिंदुरावांनी चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

खाजाभाई पोचले तेव्हा पुण्याचा व्यापारी ऋषिराज आधीच येऊन बसला होता. तरुण, बोलायला गोड. त्याचं गिऱ्हाईक परदेशात होतं.

"गाडी मला पसंत आहे," तो म्हणाला. "कारखान्यातून निघालेलं मूळ इंजिन असेल तर बेचाळीस लाख. नंबर आर.सी. पुस्तकाशी जुळतोय, मी बघितलाय. फक्त खाजाभाईंनी रिपोर्टवर सही करावी. गिऱ्हाईकाला त्यांचाच शब्द पाहिजे."

खाजाभाईंनी बोनेट उघडलं. इंजिनच्या अंगावर बोटभर पितळी पट्टी, तिच्यावर नंबर कोरलेला. पट्टी दोन रिबिटांनी ठोकलेली. त्यातल्या डावीकडच्या रिबिटाचं डोकं जरा तिरकं बसलं होतं. ते तिरकं का, हे जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. ते त्यांनी स्वतः ठोकलं होतं.

"जुळतंय ना?" ऋषिराजनं विचारलं.

"आज सही करत न्हाय," खाजाभाई म्हणाले. "परवा सांगतो." राजलक्ष्मीबाईंनी चहा पुढं केला, तो घेऊन ते निघाले.

गोष्ट सदतीस वर्षांपूर्वीची. खाजा तेव्हा पंचवीस वर्षांचा, इंदापुरात दादामियाँ उस्तादांच्या गॅरेजात कामाला. हिंदुराव आठ दिवसांसाठी बाहेरगावी गेले होते आणि गाडी सर्व्हिसिंगला ठेवून गेले होते. खाजानं इंजिनातलं जुनं ऑइल काढलं, खालचा बोल्ट आवळला आणि जेवायला गेला. परत आल्यावर नवीन ऑइल भरलंच आहे असं त्याच्या मनानं धरलं. का धरलं, ह्याचं उत्तर त्याला पुढं कधीच सापडलं नाही. गाडी घेऊन तो कळंबच्या बाजूला निघाला. आठ-दहा किलोमीटरवर आधी खडखड, मग मोठा आवाज. आतला दांडा इंजिनची भिंत फोडून बाहेर आला होता.

उस्तादांनी त्याला मारलं नाही की शिवी दिली नाही. मग पुण्याला जाऊन भंगाराच्या बाजारातून त्याच कंपनीच्या चार दारांच्या गाडीचं इंजिन घेऊन आले. दिसायला अगदी तसंच. जुन्यावरची पितळी पट्टी काढून खाजाच्या हातात दिली. "ठोक," म्हणाले. "गॅरेज बंद पडलं तर चार घरं उघड्यावर येतील. हे तुझ्या-माझ्यात." फुटकं इंजिन वितळायला गेलं.

हिंदुराव परत आले, एक फेरी मारून म्हणाले, "खाजा, गाडी आधीपेक्षा गोड चालती रं!" आणि जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगत राहिले की इंजिन कंपनीचं हाय, अजून कुणी उघडलेलं न्हाय. त्यांच्या तोंडून हे ऐकताना खाजाभाई दर वेळी दुसरीकडं बघायचे. उस्ताद वारले. हिंदुरावही गेले. गोष्ट मात्र राहिली.

संध्याकाळी खाजाभाईंनी बायकोला, ताजबीला, सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ताजबी भाकरी थापता थापता थांबली. "उस्ताद न्हाईत, हिंदुराव आबा न्हाईत. त्या बाईला चार पैसं जास्त मिळतील. तुमी बोलला न्हाईत तर नुकसान कुणाचं हाय?"

"जो घेणार त्याचं. पंधरा लाख तो नसलेल्या वस्तूचं देणार."

"तो काय आपल्या वळखीचा हाय व्हय?"

"वळखीच्याला खरं आन् बिनवळखीच्याला खोटं, असं मी आजवर केलं न्हाय."

"मग मला कशाला इचारताय?" ताजबी म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडं वळली. पण रात्रीच्या जेवणात तिनं स्वतःहून विषय काढला. "आधी शेळगावच्या वैनीला एकटीला गाठून सांगा. व्यापाऱ्यासमोर सांगू नका. त्यांची मान खाली जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाजाभाई शेळगावला गेले. राजलक्ष्मीबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. खाजाभाई खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं: ऑइल, कळंबचा रस्ता, भंगारातलं इंजिन, पट्टी. उस्तादांचं नाव घेताना म्हणाले, "त्यांनी झाकलं, पण चूक माझी हुती."

राजलक्ष्मीबाईंचा हात गव्हात तसाच राहिला.

"ह्यांना कळलं हुतं कधी?"

"न्हाय, वैनीसाहेब."

"तुमी आमच्या घरात जेवलाय, खाजाभाऊ. ह्यांच्या पंगतीला बसून. तवा सांगावंसं वाटलं न्हाय?"

"वाटलं. धीर झाला न्हाय."

"किती कमी हुईल?"

"पंधरा लाख तरी."

"आन् आज गप बसला असता तर?"

"तर बेचाळीस आलं असतं."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांचे डोळे कोरडेच होते, पण आवाज बदलला होता. "तुमी जावा आता," त्या म्हणाल्या. खाजाभाई जोडे घालून निघाले. फाटकापर्यंत मागून हाक येईल असं त्यांना वाटत होतं. आली नाही.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. दोनच वाक्यं. "जे खरं हाय ते लिहा. ह्यांच्या नावावर खोटा सौदा नको."

खाजाभाईंनी रिपोर्ट लिहिला. इंजिन मूळ नाही, पट्टी मूळ आहे. बदल झाला तेव्हा काम करणारा मेकॅनिक मीच, हयगय माझी. खाली सही केली.

ऋषिराज वाचून गार पडला. मग त्याच्यातला व्यापारी जागा झाला. "मग आता अठरा. ही गाडीच खोटी ठरली."

इथं मात्र खाजाभाईंचा आवाज चढला. "खोटी कशी? चासी मूळ हाय, पत्र्याला कुठं लांबी न्हाय, काच, घड्याळं, चाकं सगळी तिच्यासंगं आलेली. पत्र्याआडचा लाकडी सांगाडा ठोकून बघा, कुठं पोकळ न्हाय. सत्तर वर्षं एका घरात, कागद पहिल्यापासून. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, आन् सदतीस वर्षं बिनतक्रार चाललेलं. माझी चूक पंधराची हाय. तिच्या आडून तुमी चोवीस कापू नका. सत्तावीस ही तिची वाजवी किंमत. एक रुपया कमी न्हाय, एक जास्त न्हाय."

ऋषिराज उठून गेला. तीन आठवडे काही हालचाल नाही. त्या दिवसांत शेळगावात आणि बारामतीत कुजबुज झाली. उस्तादांच्या मुलानं रस्त्यात खाजाभाईंना अडवलं आणि म्हणाला, "माझ्या बाचं नाव मेल्यावर घाण केलंत." खाजाभाईंनी माफी मागितली. दोघांचं येणं-जाणं तुटलं ते तुटलंच.

डिसेंबरात ऋषिराजचा फोन आला. परदेशातल्या गिऱ्हाईकानं रिपोर्ट दोनदा वाचून घेतला होता आणि सत्तावीसला होकार दिला होता.

तळमजल्याचा फ्लॅट तेवढ्यात बसला नाही. राजलक्ष्मीबाईंनी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. लिफ्ट नाही. खाजाभाईंना हे ऋषिराजकडून कळलं आणि त्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं नाही.

गाडी न्यायला ट्रक आला, तेव्हा ती फळ्यांवरून वर चढवायला बाईंनी खाजाभाईंनाच बोलावलं. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर घेतली, चाकांना पाचर लावली, दोर आवळले आणि खाली उतरले. राजलक्ष्मीबाई काठी टेकत जवळ आल्या. ट्रकवरच्या लाल पत्र्याकडं बघत म्हणाल्या, "तुमी सांगितलं ते बरं केलं, खाजाभाऊ."

खाजाभाईंनी मान खाली घातली.

"पण मला अजून राग हाय. आन् तो जाईल का न्हाय, ते आज सांगता यायचं न्हाय."

"व्हय, वैनीसाहेब," खाजाभाई म्हणाले. ट्रक हलला. दोघं तिथंच, चार पावलांच्या अंतरानं, तो मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत उभे राहिले.