छत्री दिसली म्हणून पाऊस नव्हे

चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या बोहदानाने लिनक्स या संगणकप्रणालीवर प्रिंटर जोडून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला होता. लोक वापरत, कुरकुरत, क्वचित आभारही मानत. तिला तेवढं पुरे होतं.

एका रविवारी ती वडिलांकडे जेवायला गेली, तर ओल्द्रिखबाबा तोंड पाडून बसलेले. गायकमंडळासाठी गाणी छापायची होती आणि तिचाच प्रोग्रॅम मध्येच अडला होता.

"मीच भलतं काहीतरी दाबलं असणार. म्हातारपण, दुसरं काय!"

"बाबा, सरका जरा. बघू द्या."

बघितलं आणि तिचे कान लाल झाले. त्यांच्या संगणकात अख्खी प्रणाली एका तयार प्रतिमेतून, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या एकसंध नकलेतून, येत होती. अशा प्रणालीच्या फायलींना बाहेरच्याने हात लावायचा नसतो. बदल हवा तर नवी प्रतिमा आणायची. बोहदानाचा प्रोग्रॅम मात्र थेट आत घुसू पाहत होता.

"चूक माझी आहे, बाबा. माझा प्रोग्रॅम न विचारता घरात शिरतोय."

"आईवर गेलाय," बाबा म्हणाले आणि हसले एकदाचे.

सोमवारी तिने तपासणी घातली: प्रतिमा सांभाळणारं साधन संगणकात दिसलं, तर हात लावायचा नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या व्हितने तो प्रोग्रॅम चालवला आणि प्रतिमेविना चालणाऱ्या त्याच्या साध्यासुध्या यंत्रालाही नकार मिळाला.

"अगं बाई, ते साधन मी नुसतं बघायला बसवलंय! घरात छत्री दिसली म्हणून बाहेर पाऊस पडतोय म्हणशील?"

ती मनापासून हसली. त्याचं खरंच होतं. काय बसवलंय ते नव्हे, यंत्र आत्ता कशावरून सुरू झालंय ते विचारायला हवं होतं. प्रतिमेवरून सुरू झालेली अशी प्रणाली 'रन' या तात्पुरत्या कप्प्यात 'ऑस्ट्री-बूटेड' नावाची फाइल ठेवते. यंत्र बंद झालं की कप्पा रिकामा होतो, त्यामुळे ही खूण कधी शिळी होत नाही. बोहदानाने तेवढंच तपासलं. फाइल असेल तर प्रणालीला न दुखवता, तिच्यातल्याच सोयीने प्रिंटर जोडायचा.

पुढच्या भेटीत बाबांची गाणी भराभर छापली गेली.

"आता दुसऱ्या कुणाचं अडणार नाही ना?"

"या कारणाने तरी नाही."

"मग चल, आलुबुखार भरलेले पिठाचे गोळे निवतायत."

तिने वरून भरपूर वितळलेलं लोणी ओतून घेतलं.