चारशेच्या आत

माझा धाकटा भाऊ डोळे तपासतो आणि चष्मे करून देतो. एकतीस वर्षं झाली. दुकानाच्या पुढच्या भागात फ्रेमा मांडलेल्या असतात, तिथे मी बसते. मागच्या अंधाऱ्या खोलीत तो, त्याची उंच खुर्ची आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. कुणाला कुठली फ्रेम शोभत नाही हे मी तोंडावर सांगते, त्यामुळे काही गिऱ्हाइकं माझ्यासाठी येतात आणि काही माझ्यामुळेच येत नाहीत. तो मात्र कुणाला दुखवत नाही. दिवसभर त्याच हळू आवाजात विचारत राहतो, "हे स्पष्ट, की हे? घाई नको. आणि आता?"

असा हा गरीब माणूस छप्पन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवर मारामारीचा खेळ खेळायला लागला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

कारण होती त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. फोन करते तो आईला. मायलेकींचं अर्धा तास चालतं, मग फोन बापाच्या हातात येतो. "बरी आहेस ना?" "हो." "बरं." झालं, संपलं! दोघंही एकमेकांना जीव की प्राण, पण बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते. एकदा सुट्टीत आली असताना तिने त्याला हा खेळ शिकवला. आपल्या बाजूला पाच, समोर पाच. ती पुढे जाऊन लढणार, हा मागे राहून तिच्या जखमा भरणार. खेळात त्याने नावही घेतलं 'जाडभिंग'. कॉम्प्युटरला स्पीकर, तोंडाशी माइक, आणि तिथे मात्र दोघांना वाचा फुटली.

"बाबा, डावीकडून येतायत." "आलो, आलो." इथवर ठीक. पण या खेळात मेलं की परत उठायला वीस सेकंद लागतात, आणि खरं बोलणं व्हायचं ते त्या वीस सेकंदांत. साहेब डोक्यावर बसतो, खोली बदलली, एक मुलगा आवडला होता पण आता नाही, हे सगळं तिने मरून पडल्या पडल्या बापाला सांगितलं. मरण इतकं उपयोगी पडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रविवारी दुकान बंद असतं. दुपारी तीन ते पाच हे दोघं खेळायचे, तपासणीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आमचे बंधुराज आणि तिकडे ती. मी तेवढ्यात फ्रेमा पुसायला जायची. कुणाला खोटं कशाला सांगू, ऐकायला जायची.

आता या खेळातली गोम सांगते. प्रत्येक खेळाडूला एक रेटिंग असतं. सामन्याआधी यंत्र दोन्ही संघांची रेटिंगं बघून अंदाज बांधतं, की कोण जिंकणार. अंदाजाप्रमाणे जिंकलात तर थोडेच गुण. अंदाज खोटा पाडून वरचढ संघाला हरवलंत तर घसघशीत. हरण्याचंही तसंच, दुबळ्यांकडून हरलात की मोठा फटका. आणि एकट्याने कितीही पराक्रम गाजवला तरी संघ हरला की पाचही जण खाली येतात. हे मला अन्यायाचं वाटलं. तो म्हणाला, "अगं, एका सामन्यात अन्याय होतोच. पण दर वेळी सोबती बदलतात. शे-दोनशे सामने झाले की जो एकच माणूस सगळीकडे होता, तो कसा आहे ते उरतं."

शिवाय एखाद्या खेळाडूच्या रेटिंगची यंत्राला स्वतःला किती खात्री आहे, याचाही ते हिशेब ठेवतं. नवा माणूस आला की त्याला ऐंशी वर, शंभर खाली असं उडवतं. ओळख पटली की दहा-बारांवर येतं. "मी तरी काय करतो?" भाऊ म्हणाला. "आधी मोठ्या फरकाची भिंगं लावतो, मग अर्ध्याची, मग पावाची."

आणि खेळाचा एक नियम असा, की दोघांना जोडीने उतरायचं तर त्यांच्या रेटिंगमध्ये चारशेपेक्षा जास्त अंतर चालत नाही. रेटिंगशिवायचे सामनेही असतात, पण तिथे लोक अर्ध्यावर उठून जातात म्हणून या दोघांना ते नको होते. भाऊ चौदाशे नव्वदवर रुतलेला. पोरगी एकटीही खेळायची आणि चढत चालली होती. अंतर तीनशे सत्तर, ऐंशी, नव्वद. ते चारशेपार गेलं की रविवारची दुपार गेली. त्याचं जेवणातलं लक्ष उडालं.

मग त्याने कंबर कसली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तासभर सराव. दोन महिन्यांत किती चढला? चव्वेचाळीस. यंत्राला आता त्याची पक्की ओळख, ते कशाला उड्या मारू देतंय! तेव्हा या गृहस्थाने काय करावं? नव्या नावाने दुसरं खातं उघडलं. म्हणे, जुन्या खात्यावर यंत्राचा ग्रह झालाय, कोरी तपासणी करून घेऊ. पहिले आठ सामने नुसती चंगळ. सोळाशे, सोळाशे ऐंशी, सतराशे दहा! स्वारी शीळ घालत फिरत होती. पुढच्या तीस सामन्यांत ते खातं घसरत घसरत आलं आणि पंधराशे तीसवर थांबलं. जुनं खातं होतं पंधराशे चौतीसवर.

मला हसू आवरेना. त्याला मात्र राग आला नाही. "बरोबर आहे," तो म्हणाला, "दुसऱ्या दुकानात तपासलं म्हणून नजर थोडीच बदलते." खातं पुसून टाकलं. पण चेहरा पडला होता.

आता माझी चोरी सांगते. मला एक गोष्ट माहीत होती. भाचीच्या शहरातला एक संघ नवे खेळाडू घेत होता, स्पर्धांना जाणारा. अट एकवीसशेची. "आत्या, बाबांना सांगू नकोस हं," तिने मला बजावलं होतं. "सराव रविवारी दुपारी असतो." मी गप्प बसले. पोटात काही न राहणारी बाई मी, पण गप्प बसले.

त्या रविवारी मी गेले तर तो खेळत नव्हता. पडद्यावर पोरीच्या सामन्यांची जुनी यादी उघडून बसला होता.

"ताई, इकडे ये. काही मुलं येतात बघ माझ्याकडे, वर्गातल्या कुणाला चष्मा लागला म्हणून आपल्यालाही हवा, अशी. ती कशी पकडतो ठाऊक आहे? नजर खरंच कमी असेल तर पोर एखादं लहान अक्षर ओळखतं आणि मोठं चुकतं. मुद्दाम चुकणारं दर वेळी त्याच ओळीवर थांबतं."

"मग?"

"ही बघ. आठवडाभर चढते. दोन हजारला जाऊन पोहोचते. आणि शनिवारी दुपारी एकटी बसून पाच सामने हरते. पाचही असे, की यंत्र म्हणतंय ही जिंकणार. मी चौदाशे नव्वदवर होतो तेव्हा अठराशे पंच्याऐंशीवर येऊन थांबायची. आता मी पंधराशे चौतीस, तर काल एकोणीसशे पंचवीसवर थांबली." त्याने चष्मा काढून पुसला. "माझ्या चारशेच्या आत."

 मग मी संघाचं सगळं सांगून टाकलं.

 तीन वाजता पलीकडून तिचा आवाज आला, "बाबा, आलात?"

"आलो. शनिवारी मुद्दाम हरतेस ना गं?"

 मग बारीक आवाज, "आत्याने सांगितलं?"

"तुझ्या आकड्यांनी सांगितलं. दर शनिवारी तुझ्याबरोबर चार अनोळखी लोक हरतात, पाच सामन्यांत वीस जण. त्यांनी काय केलं होतं?"

"बाबा, मला नको तो संघ."

"नको, की हवा? घाई नको."

ती रडत होती हे मलाही ऐकू आलं. शेवटी म्हणाली, "हवाय."

"मग आत्ता एकटीने एक सामना खेळ. माझ्यासमोर. पुढच्या रविवारपर्यंत माझा धीर टिकायचा नाही."

ओळखीच्या खेळाडूचा सामना बाहेरून बघता येतो. तो खुर्ची ओढून पडद्याजवळ बसला. तिच्यामागे जखमा भरायला कुणी अनोळखी होता. सुरुवातीला ती बिचकत खेळली, मग रंगली. एका ठिकाणी तीन जणांनी तिला घेरलं, आणि सवयीने तिच्या तोंडून गेलं, "बाबा, मागे..." आणि ती थांबली.

माझा भाऊ माइकजवळ वाकला. "आहे तो मागे," तो म्हणाला. "चांगला आहे. माझ्यापेक्षा लवकर पोहोचतोय. तू जा पुढे."

ती गेली. जिंकली. अकरा गुण मिळाले आणि त्याच्या पडद्यावर तिच्या नावाशेजारचं जोडीने खेळायचं बटण फिकं पडलं.

"शाब्बास," तो म्हणाला. मग त्याने माइक बंद केला, बंद झालाय ना हे दोनदा तपासलं, आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले.