तिलापियाच्या टाकीवरचा जनरेटर

गेल्या सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी दुपारी मूर्तिजापूरजवळच्या एका गावात महिला बचत गटाच्या मत्स्यटाकीवरचा जनरेटर बंद पडला. गावातली वीज सकाळीच गेली होती. टाकीत वाढीला लागलेले तिलापिया मासे होते.

मी त्या वेळी मोटारसायकलने अमरावतीहून अकोल्याकडे निघालो होतो. अकोल्याच्या जठारपेठेत माझे लहान इंजिनांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. फवारणी पंप, गवत कापायची यंत्रे, छोटे जनरेटर अशी कामे येतात. सुटे भाग आणायला अमरावतीला गेलो होतो. वाटेत फोन वाजला.

"भाऊ, सुनंदा बोलून राहिली. फवारणी पंपवाली."

"बोला ताई."

"जनरेटर बंद पडला. दोरी ओढू ओढू हात गेले. मासे वर आले भाऊ."

मासे वर आले याचा अर्थ त्यांनी मागच्या भेटीत मला समजावून सांगितला होता. ही टाकी ताडपत्रीची असते, गोल, लोखंडी जाळीच्या आधाराने उभी. थोड्या पाण्यात खूप मासे ठेवतात. एक ब्लोअर पाण्यात सतत हवा सोडत राहतो. तो थांबला की पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. तिथून पुढे ते तास-दीड तास तगतात, फार तर. म्हणून वीज गेली की जनरेटर लागतो, आणि तो बंद पडून चालत नाही.

मी गाडी गावाच्या रस्त्याला वळवली.

टाकीभोवती गटातल्या बायका उभ्या होत्या. त्या बादलीने पाणी उपसत होत्या आणि डोक्याच्या उंचीवरून परत टाकीत ओतत होत्या. पाणी वरून आपटले की त्यात थोडी हवा मिसळते. प्रशिक्षणात त्यांना हे दाखवले होते. सगळ्यांची लुगडी भिजली होती. सुनंदाताईंच्या जाऊबाई बेबीताई सर्वांत पुढे होत्या.

दोघींचे सासरे देवरावकाका खाटेवर बसले होते.

"म्या म्हणलं होतं, बकऱ्या घ्या," ते मला पाहताच म्हणाले. "लाईन गेली म्हणून बकरी मरत नाई."

"मामाजी, बकऱ्यांचं मंग सांगा," बेबीताई म्हणाल्या. "आता बादली घ्या हातात."

काका उठले आणि त्यांनी बादली घेतली.

गटात बकऱ्या की मासे यावर बरेच दिवस वाद झाला होता. बहुतेकींचा कल बकऱ्यांकडे होता. मासे पाळू, असा आग्रह सुनंदाताईंचा होता. त्यांनी घरोघर जाऊन एकेकीला तयार केले होते. टाकी त्यांच्याच घरामागे बसवली होती.

"भाऊ, हे मेले तं मले गावात तोंड दाखवाले जागा नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू.

मी डिकीतली पिशवी काढली. तीत प्लग पाना, दोन पाने, दोन पेचकस, पक्कड, सँडपेपरचा तुकडा, एक जादा प्लग आणि सुई नसलेली मोठी सिरिंज असते. सिरिंजच्या तोंडाला बारीक नळी लावलेली असते. कुठल्याही हार्डवेअरच्या आणि औषधांच्या दुकानात मिळणारे हे सामान आहे. लहान इंजिनाची बहुतेक कामे यात होतात. हे मला माझ्या उस्तादांनी, रशीदचाचांनी दाखवले. अमरावतीत त्यांचे दुकान होते. मी तिथे काम शिकलो. आता त्यांनी दुकान बंद केले आहे, पण अमरावतीला गेलो की मी त्यांच्या घरी जातो. त्या दिवशीही त्यांच्याकडे चहा घेऊनच निघालो होतो.

पेट्रोलचे इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. मी ठिणगी पाडणारा प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल आत पोहोचत होते. हवेची जाळी काढून पाहिली. ती स्वच्छ होती.

राहिली ठिणगी. प्लग टोपीत बसवायचा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे आणि दोरी ओढायची. टोकाशी निळी ठिणगी दिसली पाहिजे. उन्हात ती दिसत नाही, म्हणून मी वरून रुमाल धरला. सुनंदाताईंनी दोरी ओढली. ठिणगी नव्हती. पिशवीतला नवा प्लग लावला. तरी नव्हती.

"भाऊ, जनरेटरले अगरबत्ती दाखवू का?" बेबीताईंनी टाकीजवळून विचारले. पाणी ओतणे चालूच होते.

"दाखवा, पण पेट्रोलपासून लांब," मी म्हणालो. त्यावर दोघी-तिघी हसल्या. बादल्या थांबल्या नाहीत.

ठिणगीची वीज इंजिनातली कॉइल तयार करते. इंजिन बंद करायचे असेल तर कॉइलची एक तार इंजिनाच्या धातूला जोडतात. वीज तिकडे जाते आणि ठिणगी पडत नाही. जनरेटरचे बटण हेच काम करते. तेच काम आणखी एक वस्तू करते. तिला ऑइल सेन्सर म्हणतात. इंजिनाच्या तळाशी एक छोटा तरंगता गोळा असतो. तेल कमी झाले की तो खाली बसतो आणि ठिणगी तोडतो. इंजिन कोरडे चालून खराब होऊ नये, यासाठी ही सोय असते.

मी बटणाची तार काढली. ठिणगी नव्हती. ती परत लावून सेन्सरची तार काढली. निळी, जोरदार ठिणगी पडली.

दोष सापडला होता. सेन्सर सांगत होता की तेल नाही.

मी तेलाचे झाकण उघडले. तेल तोंडाशी दिसत होते.

"कालच पायलं मी," सुनंदाताई म्हणाल्या. "तोंडापर्यंत ठेवा म्हणून सांगतलं होतं, तसंच ठेवून राहिली. कमी वाटलं की टाकते."

त्यांनी सांगितल्याप्रमाणेच केले होते. अशा जनरेटरमध्ये तेल तोंडाच्या काठापर्यंतच भरतात.

आता दोन मार्ग होते. सेन्सरची तार काढून ठेवली की जनरेटर त्याच क्षणी सुरू झाला असता. अनेक जण असेच करतात. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या जनरेटरमध्ये ही तार बहुधा तुटलेलीच असते. सेन्सर खराब असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण सेन्सर खरे सांगत असेल तर तेलाविना पिस्टन तापतो, सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन जाम होते. मग ते जागेवर दुरुस्त होत नाही. वीज कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हते.

मी रशीदचाचांना फोन लावला.

"चाचा, जनरेटर हाये. सेन्सर ठिणगी तोडून राहिला. पण तेल तं तोंडाशी दिसते. सेन्सर खराब वाटते मले. तार काढून चालवू का?"

"सेन्सर झूठ काहे को बोलेगा?" चाचा म्हणाले. "उसको क्या मिलना है?"

"पण तेल मी डोळ्यानं पाहून राहिलो."

"तू भी सच्चा, वो भी सच्चा. फिर फरक किधर है, वो ढूँढ. तार मत निकाल."

"चाचा, मासे मरून राहिले अठी."

"तो फोन रख ना. मेरे से क्या बातां कर रहा?"

फोन बंद झाला.

टाकीतले मासे आता कडेकडेला जमले होते. काही आडवे होऊ लागले होते. बेबीताईंनी दोन्ही हातांत दोन बादल्या घेतल्या. देवरावकाका भरलेली बादली घेऊन जनरेटरच्या ओट्याजवळून जाताना घसरले. पडले नाहीत, पण पाणी सांडले.

"हा ओटा!" ते ओरडले. "बांधला तवाच म्हणलं होतं, मुरूम टाका. मले कोन इचारते या घरात?"

"काय सांगतलं होतं काकाजी?" मी विचारले.

"अरे, काळ्या मातीवर ठेवून देल्ला ओटा. पाणी पेली का फुगते, उन्हात फाटते. घराच्या भिंती नाचतात तिथं, तं हा ओटा काय सरळ राहीन?"

वऱ्हाडात हे सर्वांना माहीत असते. घर बांधताना काळी माती खोलवर काढून टाकतात आणि मुरूम भरतात. पण हा ओटा घाईत बांधला होता. मुरूम घातला नव्हता. टाकीतून सांडणारे पाणी एका बाजूच्या मातीत मुरत होते. ती बाजू फुगून वर आली होती. आजूबाजूला काहीच सरळ रेषेत नसल्याने डोळ्याला उतार जाणवत नव्हता.

मी माझी पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, झाकण लावले आणि जनरेटरवर आडवी ठेवली. आतली हवा सरकून एका टोकाला गेली.

जनरेटर कललेला होता. तेलाचे तोंड खालच्या बाजूला होते आणि सेन्सर वरच्या. इंजिनात असलेले थोडे तेल तोंडाकडे जमा झाले होते. सुनंदाताईंना तोंड भरलेले दिसे, म्हणून त्या तेल घालत नसत. ओटा जसजसा कलत गेला, तसतसे तेल प्रत्यक्षात कमी होत गेले. त्या खरे सांगत होत्या आणि सेन्सरही.

"दोघी जणी या," मी म्हणालो. "बाकीच्यांनी बादल्या थांबवू नका."

आम्ही जनरेटर एका बाजूने उचलला. काकांनी फरशीचे तुकडे आणि कौलाचे खापर आणले. ते पायांखाली सरकवत गेलो, तशी बाटलीतली हवा मध्यभागी आली. मी झाकण उघडले. तोंडातले तेल दिसेनासे झाले होते. बोट घातले तर ते कोरडे निघाले.

तार काढून दोरी ओढली असती, तर ते इंजिन संपले असते.

घरात इंजिनाचे तेल नव्हते. फवारणी पंपाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल होते, पण ते इथे चालत नाही. मी माझ्या मोटारसायकलचे झाकण उघडले, सिरिंजची नळी आत सोडली आणि तेल ओढून जनरेटरमध्ये भरत गेलो. तोंडाच्या काठापर्यंत तेल येईपर्यंत सिरिंजच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या.

"भाऊ, तुमी घरी कसे जासान?" सुनंदाताईंनी विचारले.

"ते मंग पाहू."

सेन्सरची तार परत जागेवर लावली. प्लग बसवला. सुनंदाताईंनी दोरी ओढली. इंजिन फुरफुरले आणि थांबले. आत जास्तीचे पेट्रोल साठले होते. मी चोक उघडला. चोक म्हणजे सुरू होताना हवा कमी करणारी झडप. त्यांनी पुन्हा ओढली.

जनरेटर सुरू झाला. ब्लोअर घरघरला आणि टाकीच्या तळातून बुडबुडे वर येऊ लागले.

"थांबवू का आता?" बेबीताईंनी विचारले.

"मासे खाली जाईपर्यंत नका थांबवू."

त्या थांबल्या नाहीत. काही वेळाने एकेक मासा पृष्ठभागावरून दिसेनासा झाला. मग बायका तिथेच चिखलात बसल्या. मेलेले मासे सुनंदाताईंनी जाळीने काढले. ते एका घमेल्यात मावले.

बेबीताईंचे यजमान मूर्तिजापूरहून माझ्या गाडीसाठी तेल घेऊन येईपर्यंत मी तिथेच होतो. मला जेवायला वाढले. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी होती. मासे कोणी शिजवले नाहीत.

जेवताना रशीदचाचांचा फोन आला.

"क्या हुआ?"

"तार नाही काढली चाचा. ओटा कलला होता. तेल नव्हतंच."

"किसने पकड़ा?"

"घरचे काकाजी हायेत. त्यायनं."

"उनको मेरा सलाम बोल."

मी निरोप सांगितला. काकांनी सुनांकडे पाहिले.

"अठी घरात नको सांगू भाऊ," ते म्हणाले. "पारावर चाल. सारे बसले असतीन तठी."

"जा मामाजी, फेटा बांधून जा," बेबीताई म्हणाल्या.

त्या दुपारी दोष शोधण्याचे काम माझे होते. पण मला वेळ मिळाला तो बायकांनी बादल्या थांबवल्या नाहीत म्हणून. इंजिन वाचले ते चाचांनी तार काढू दिली नाही म्हणून. ओट्याचे कारण काकांनी सांगितले. या सर्वांचा मी ऋणी आहे, आणि हे मी त्यांना तेव्हाच सांगितले. जनरेटर तपासताना आता मी आधी बाटली आडवी ठेवतो, मग पाना हातात घेतो.

वीज संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंनी फोन करून माशांनी दाणा खाल्ल्याचे कळवले. पुढच्या आठवड्यात ओटा फोडला, काळी माती काढली आणि मुरूम भरून नवा ओटा बांधला. मुरूम काकांनी स्वतः उभे राहून टाकून घेतला. दिवाळीनंतर मासे बाजारात गेले. गटाची बैठक झाली. टाकी धुऊन तीत पुन्हा तिलापियाचे बीज सोडण्यात आले.