देवीपुढच्या पाट्या

चांगुणाबाईला कुणी "आता बसा घरी" म्हटलं की तिचं टाळकं सरकायचं. म्हणणारा कुणी का असेना! बेलापूरच्या डॉक्टरने एकदा तिचे गुडघे दाबून बघितले आणि तेच म्हणाला, तर तिने त्यालाच विचारलं, "घरी बसून ह्या गुडघ्यांची पूजा करू काय?" आणि औषध घेऊन सरळ बाजारात गेली.

बाजार म्हणजे काय, तर गावाबाहेरच्या नाक्यावर चिंचेखाली मांडलेल्या कोळणींच्या पाट्या. खाडीतली बोयटं, निवट्या, चिंबोऱ्या, नशीब असलं तर एखादा जिताडा. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हापासून चांगुणाबाई त्या चिंचेखाली बसत होती. त्याच पाटीवर तिने नंदकुमारला वाढवलं, शिकवलं, ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत चिकटवलं. आता तो साहेबासारखी पँट घालून हिंडायचा आणि आईला ऐकवायचा, "आई, बस झालं. कळंबोलीला फ्लॅट घेतोय. टीव्ही बघ, नातवाला खेळव. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनतील, चांगुनाचा पोर भला हाय," ती म्हणायची. "आनि मी म्हनंन, सकाली उठून सुनेच्या तोंडाकडं बघत बसलंय, आज मना काय वाढते म्हनून. नाय रे बाबा! म्हातारपन हाय, भीक नाय."

सून मीना तशी वाईट नव्हती, उलट गुणाचीच. पण चांगुणाबाईने आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, पोरांच्या मोटारसायकली आल्या, लग्नाचे मांडव पडले आणि ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या चहाच्या कपासाठी सुनांना हाका मारू लागल्या. तिच्या बरोबरीची एकेक बाई अशी मऊ पडत गेली. तिने मनाशी गाठ मारली होती. हात हलतोय तोवर आपली जागा सोडायची नाही, आणि हात थांबला तरी त्या जागेने आपल्याला पोसलं पाहिजे.

आणि नेमकी ती जागाच जायची वेळ आली.

पंच्याऐंशी सालचा तो चैत्र. चिंचेवरून मोठा रस्ता जाणार आणि कोळणींना पलीकडे नवीन मंडई बांधून देणार, ही बातमी बंडूने आणली. बंडू गावचाच, नव्या शहराच्या ऑफिसात शिपाई. बाजारात उभा राहून तो म्हणाला, "मंगळवारी साहेब येणार. जी बाई आपल्या जागेवर बसलेली दिसेल, तिचं नाव लागणार, तिला मंडईत ओटा. दिसली नाय तर गेली."

बायका खो खो हसल्या. त्यांतली पुतळा तर डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "मंगलवारी? मंगलवारी जत्रा हाय ना गो!"

गावदेवीची जत्रा! त्या दिवशी गावात कोयता चालत नाही, खाडीत जाळं पडत नाही. प्रत्येक कोळीण आपली पाटी घासूनपुसून आदल्या संध्याकाळी देवळात नेऊन ठेवते. पालखी गावभर फिरून आली की पाट्यांची ओटी भरतात, आणि मगच पाटी पुन्हा डोक्यावर चढते. पूर्वी त्या दिवशी खाडीपार नेणारी होडीसुद्धा बंद असायची. पलीकडच्या काठाला माणसं ताटकळत बसायची, पण तक्रार नसायची. म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, साहेब बुधवारी येणार. सरकारला काय कळत नाही?

चांगुणाबाई हसली नाही. बातमी आणि म्हावरं, म्हणजे मासळी, तिच्या लेखी सारखंच होतं. माशाचा कल्ला उघडून आत ताजा लाल दिसल्याशिवाय घ्यायचं नाही. एकाने सांगितलं म्हणून विश्वास नाही आणि दहाजण हसले म्हणूनही नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाटी काशीच्या हवाली केली आणि बेलापूरची एस.टी. धरली.

काशी ही मराठवाड्यातून आलेली बाई. नवऱ्याबरोबर इथल्या इमारतींवर रेती वाहायला आली, नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला, आणि ही बाजाराच्या टोकाला सुकट-बोंबील घेऊन बसू लागली. गावच्या बायका तिला आपल्यात धरत नव्हत्या. चांगुणाबाई मात्र पाटी तिच्यावर टाकून जायची, कारण काशी एक बोंबील इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही.

ऑफिसात चांगुणाबाईने आधी पाणी भरणाऱ्याला विचारलं, मग टेबलावरच्या क्लार्कला, आणि शेवटी थेट साहेबाच्या केबिनचं दार ढकललं. श्यामसुंदर नावाचे तरुण साहेब होते. चांगले वागले. खुर्ची दिली.

"मंगलवारी आमची जत्रा हाय, साहेब. बुधवारी या."

"बाई, तारीख वरून आली आहे."

"वरून म्हंजे? देवीच्याबी वरून काय?"

साहेब हसले, पण मान हलवली नाही. मंगळवार म्हणजे मंगळवार. कल्ला लाल होता!

गावात येऊन तिने देवजी पंचाला गाठलं. देवजी म्हणजे जत्रेचा मानकरी, आवाज ढोलासारखा. "जत्रा मोडायची नाय," तो म्हणाला. "साहेबाला मी सांगतंय. माझा शब्द हाय." त्याचा शब्द ओटीवरून खाली उतरला नाही. बायकांना सांगितलं, तर पुतळा म्हणाली, "पाटी देवीपुढं ठेवल्यावर उचलायची? तुजं डोकं फिरलंय काय गो?" घरी नंदकुमारने कपाळावर हात मारला. "आई, तुला कुणी सांगितलंय पुढारपण? वय झालंय. राहू दे तो ओटा."

"तुला राहू दे म्हनायला काय जातंय?" ती कडाडली. "तुजा पगार हाय. माजा ओटा हाच माजा पगार, हीच माजी पेन्शन!"

सगळ्यांना सांगून झालं होतं. गाढवापुढे गीता वाचून झाली. आता तोंड बंद.

मंगळवारी सकाळी ढोल वाजू लागले. पालखी उठली, सगळा गाव तिच्यामागे खालच्या आळीला गेला. चांगुणाबाई देवळात शिरली. देवीपुढे पाट्या एकात एक रचलेल्या होत्या. प्रत्येकीची डोक्यावरची कापडी चुंबळ आपापल्या पाटीला बांधलेली, कुणाची लाल, कुणाची हिरवी, पुतळाची जरीकाठाच्या लुगड्याची. तिने देवीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने आयुष्यात जत्रा चुकवली नव्हती, आणि आज ती देवीच्या पुढ्यातून पाट्या उचलायला आली होती.

"आय," ती म्हणाली, "रागावू नको. आनि रागवायचंच असंल तर दुपारनंतर रागाव."

बाहेर काशी हातगाडी घेऊन उभी होती. भीतीने तिचा चेहरा उतरला होता. "आये, गाव मारंल आपल्याला."

"मारू दे. मारायला तरी येतील ना? ढकल!"

चिंचेखाली येऊन दोघींनी पाट्या मांडल्या, चुंबळी बघून, जिची तिच्या जागेवर. मग चांगुणाबाई आपल्या पाटीमागे मांडी घालून बसली. गुडघे बोंबलत होते, ती बसली. टोकाला काशी बसली.

जीप आली. साहेब उतरले, बरोबर जागा मोजायची टेप घेतलेला माणूस. त्यांनी पाट्यांची रांग बघितली, मागच्या मोकळ्या जागा बघितल्या आणि डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला.

"बाई, माणसं कुठे आहेत? पाटीला ओटा देता येत नाही."

"का नाय? येस्टीत खिडकीतून रुमाल टाकला का जागा धरली म्हंतात. ह्यो तर येवढा मोठा रुमाल हाय!"

टेपवाला फिसकन हसला. साहेबांनाही हसू आलं, पण ते म्हणाले, "मला खोटं लिहिता येणार नाही. तुमच्या दोघींची नावं लावतो. बाकीच्या जागा रिकाम्या."

"मग माजंबी लावू नका."

"का?"

"दोघींचा बाजार होतो काय कुठं? दोन ओट्यांवर गिऱ्हाईक येतं काय, साहेब? ह्या नसतील तर मीबी नाय. माजं पोट ह्यांच्या गोंगाटावर हाय."

साहेब अवघडले. जीपकडे वळले. चांगुणाबाई उठली, तशीच लंगडत जाऊन जीपच्या तोंडासमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"जरासं थांबा. आत्ता येतील, शिव्या देत येतील."

"कोण?"

तेवढ्यात लांबचा ढोल बंद पडला. मधेच, ठोका अर्धा टाकून. काशीने पदर तोंडावर दाबला. पालखी देवळात पोचली होती आणि देवीपुढे पाट्या नव्हत्या!

मग जो कालवा उठला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. पुढे पुतळा, मागे हिरव्या लुगड्यांची, गजऱ्यांनी लदलेल्या बायकांची लाट, त्यामागे देवजी, ढोलवाले, सगळा गाव. "रांडे, देवीच्या पाट्या चोरतंस?" पुतळा धावत आली ती थेट आपल्या पाटीवर झेपावली आणि दोन्ही हातांनी पाटी कवटाळून तिथेच फतकल मारून बसली. "हात लाव आता! हात लावून बघ!" दुसरी आपल्या पाटीवर बसली, तिसरी बसली. एकेक करून सगळ्या बसल्या, कुणी पाटी पळवू नये म्हणून. शिव्यांचा नुसता पाऊस, पण जिची तिथे, जागच्या जागी!

चांगुणाबाई जीपसमोरून बाजूला झाली.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "बसल्या."

पुतळाने आपल्या खालच्या जागेकडे बघितलं, साहेबाच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडाचा आ वासला. "अगो माझ्या बया!" एवढंच ती म्हणाली.

देवजी गरजला, "देवीचा मान मोडलास, चांगुना!"

"तुजा शब्द कुठं हाय, देवजीदादा?" ती म्हणाली. "त्यो साहेबापर्यंत पोचला असता तर मना पाट्या उचलायला लागल्या नसत्या. देवी ह्या पाटीत हाय. पाटी ठेवायला जागा नाय उरली, तर देवीपुढं पुढच्या साली काय ठेवशील, तुजं मुंडासं?"

टेप ताणली गेली, नावं लागली. टोकाशी आल्यावर पुतळाने तोंड उघडलंच. "ती आपली नाय. बाहेरची हाय."

"बाहेरची?" चांगुणाबाईचा आवाज असा चढला की ढोलवालाही दचकला. "तुमी आतल्या सगल्या पालखीमागं नाचत व्हत्या. तुमच्या पाट्या ह्या बाहेरचीनं ढकलल्या. साहेब, तिचं नाव माज्या बाजूला लिवा. लिवलं नाय तर मी परत जीपपुढं उभी ऱ्हाते, गुडगं मोडलं तरी!"

साहेबांनी लिहिलं. नंदकुमार गर्दीत मागे उभा होता. तो पुढे आला नाही, पण त्याने मान खाली घातली.

गावाने तिला दंड केलाच. पुढच्या जत्रेला तिची पाटी देवीपुढे ठेवू दिली नाही. तिने ती आपल्या ओट्यावर ठेवली, स्वतःच ओटी भरली आणि स्वतःच नारळ फोडला. त्याच्या पुढच्या वर्षी पुतळा तिची पाटी डोक्यावर घेऊन देवळात गेली. देवजीने तोंड उघडायच्या आत तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो ढोलाकडे वळला.

मंडई उभी राहिली. सिमेंटचे ओटे, नळाचं पाणी. काही वर्षं चांगुणाबाई तिथे राज्य करून बसली. मग एके सकाळी गुडघा उचलेना. रीत अशी, की सासूची पाटी सुनेला. पण मीना आता बेलापूरला ऑफिसात जात होती, म्हावऱ्याच्या वासाने तिचं डोकं धरायचं. नंदकुमार म्हणाला, "ओटा भाड्याने देऊ, आई. कपडेवाला विचारतोय."

"तू कोन देनार?"

तिने काशीला बोलावलं, आपला कोयता तिच्या हातात ठेवला आणि मंडईत सगळ्यांसमोर सांगितलं, "दोन्ही ओटे आता ही बघंल. मी मरेतो रोज माज्या दाराशी म्हावरं यायचं. शिळं नाय, उरलेलं नाय. पहिल्या पाटीतलं, मधला तुकडा." काशीने कोयता कपाळाला लावला. पुतळा बाजूच्या ओट्यावरून ओरडली, "नाय आलं तर मी हाय ना गो बघायला!"

ती कळंबोलीच्या फ्लॅटवर राहायला गेली. पहिल्याच सकाळी बेल वाजली. दारात काशीने पाठवलेली पिशवी, आत जिताड्याचे जाड तुकडे, कल्ला अजून लाल. नंदकुमार ओशाळून म्हणाला, "आई, आपल्याकडे काय कमी आहे का?"

चांगुणाबाईने पिशवी उचलली, स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन सुनेच्या हातात दिली आणि जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"घर तुजं, गॅस तुजा," ती मीनाला म्हणाली. "म्हावरं माजं. वाढ आता, सगल्यांना वाढ."