पहिल्या पंगतीचा मान

महागावच्या स्टँडवर पुसदची गाडी लागली, तेव्हा माझ्याजवळ चेन तुटलेली एक रेक्झिनची बॅग होती आणि तिच्यात आईनं दिलेला ठेच्याचा डबा. पुण्याची गाडी पुसदहून मिळणार होती. आई डबा आडवा करू नको म्हणून चौथ्यांदा सांगत होती. बाबा खिडकीखाली उभे होते, कुठंतरी दुसरीकडेच बघत. कंडक्टरनं घंटी मारली तसे ते वर बघून म्हणाले, "नाव इचारलं तं पुरं सांगजो."

दुसऱ्यांचे बाप सांगतात, तब्येत सांभाळ, वेळेवर जेव. आमच्या बापाचं हे असं. तेव्हा मला हसू आलं होतं. सत्तावीस वर्षं झाली. पुण्यात मी लेथवरून सुपरवायझर झालो, भाड्याच्या खोलीतून भोसरीच्या फ्लॅटमध्ये आलो, भाकरीवरून चपातीवर आलो, बापानं सांगितलेली तेवढी एकच गोष्ट केली नाही.

हे मी चिडून लिहितोय, आधीच सांगतो. आपल्या घरातले जे महागावकडेच राहिले, जे माझ्यासारखे पुण्यात आले, आणि तो एक शहाणा जो थेट मस्कतला जाऊन बसला, त्या सगळ्यांसाठी लिहितोय. चिडका माणूस म्हणून माझी घरात ख्याती आहेच. रिक्षावाल्यावर, पार्किंगवर, मिक्सरच्या झाकणावर मी चिडतो. पण ही चीड तसली नाही. ती महिना झाला तरी खाली बसलेली नाही.

आपलं आडनाव टेंभुरदरेकर. कुठल्याही फॉर्मच्या चौकटीत न मावणारं. टेंभुरदरा हे गाव ढाणकीच्या पलीकडे, डोंगराला टेकून. पण गंमत अशी की त्या गावात टेंभुरदरेकर नावाचं एकही घर नाही. असणार कसं? गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोणी लावत नाही. जो सुटतो, त्यालाच ते चिकटतं. आपण मूळचे वानखेडे. माझे आजोबा गणपत हे चार भावांतले तिसरे. महागावजवळच्या आपल्या आताच्या गावात सगुणा नावाची एक मुलगी होती, तिला भाऊ नव्हता, आणि तिच्या बापाला शेत सांभाळणारा जावई हवा होता. भावांनी एका बैठकीत ठरवून टाकलं. आजोबा एक घोंगडी घेऊन चालत निघाले. बांधावर उभा राहून थोरला भाऊ ओरडला होता, "चालला रे घरजावई!" आजोबा हे सांगायचे तेव्हा हसायचे, आणि आजी ताटलीत भाकर जरा जोरात टाकायची.

इकडे लोक त्यांना "टेंभुरदऱ्याचा जावई" म्हणू लागले. बाबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं आणि सोबत गेलेल्या पोलीस पाटलानं आजोबांना बोलू न देताच सांगितलं, टेंभुरदरेकर. लोकांचं हिणवणं शाळेच्या दाखल्यावर चढलं. आजोबांनी ते खोडायला लावलं नाही. मला वाटतं त्यांना ते आवडलं असावं. गावानं काढून दिलं, पण नाव तर घेऊन आलो! दरवर्षी नवरात्रात अष्टमीला ते शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन ढाणकीच्या दिशेला तोंड करून नारळ फोडायचे, कारण कुळाची देवी तिकडे, थोरल्याच्या घरी. त्यांच्यानंतर बाबा फोडतात. तिकडून बोलावणं कधी आलं नाही.

आणि मी काय केलं? पुण्यात पहिल्याच कंपनीत साहेबानं रजिस्टरवर पेन टेकवून विचारलं, "टेंभुर... काय?" मागं रांगेत दोघं हसले. मी म्हणालो, "दरेकर लिहा साहेब." एवढं सोपं होतं. पुण्यात दरेकरांना मान आहे. कोणी विचारलं, मावळातले का, तर मी मान अशी हलवायचो की ती हो पण वाटावी आणि नाही पण. बायकोला लग्न ठरताना खरं आडनाव कळलं तेव्हा ती आठवडाभर हसत होती. कागदपत्रांवर पूर्ण, तोंडात अर्धं. दाराच्या पाटीवर दरेकर, फोनवर दरेकर. बाबा पुण्यात दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा मी पाटीवर तोरण खाली ओढून बांधलं होतं. इतका मी हुशार.

दीड महिन्यापूर्वी व्हॉट्सअॅपवर पत्रिका आली. टेंभुरदऱ्याला कुळदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार, सर्व वानखेडे कुळाची वंशावळ दगडावर कोरून बसवणार, सर्व भाऊबंदांनी यावं, येणाऱ्यांनी यादीत नाव टाकावं. कोणीतरी आपला नंबर शोधून काढला होता. बाबा एक्याऐंशीचे. मोबाइलवरचं बारीक अक्षर लागत नाही, म्हणून त्यांनी ती पत्रिका शेजारच्या पोराकडून तीनदा वाचून घेतली. मला फोन केला, "गाडी घेऊन येतं का?" आयुष्यात त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

मी गेलो. मागच्या सीटवर बाबांची बहीण, वच्छला आत्या. बाबांनी नवं धोतर नेसलेलं, मांडीवरच्या पिशवीत सोललेला नारळ. अख्ख्या रस्त्यात एक वाक्य बोलले, "यंदा समोरून फोडीन."

देऊळ चांगलं बांधलंय, खोटं कशाला बोलू. मांडवातून बापूराव सामोरे आले. बापूराव म्हणजे त्या थोरल्या भावाचे नातू, साठीचे, या सगळ्याचे पुढारी. "या काका, या! उशीर केला." बाबांना मिठी मारली. बाबांचे डोळे तेवढ्यातच भरले. मग बाबा काळ्या ग्रॅनाइटपुढे जाऊन उभे राहिले. पांढरी अक्षरं, वरून खाली पिढ्या. चष्मा पुसला. बोट दगडावर टेकवून चार भावांच्या ओळीवर आले. पहिला, त्याखाली पंधरा नावं. दुसरा, त्याखाली नऊ. चौथा, त्याखाली बारा. तिसरा, गणपत. त्याखाली कंसात एकच शब्द: निर्वंश.

बाबांनी तो शब्द हळू वाचला. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं, जणू मी आहे की नाही हे तपासायला.

मी बापूरावांचा हातच धरला. "हे काय आहे? हे समोर कोण उभे आहेत?"

"अरे दादा, ओरडू नको. पावने बघून राह्यले. घरजावई गेला म्हंजे तो त्या घरचा झाला. आपल्याकडं त्याची फांदी तिथंच थांबते. मी काही मनानं नाही लिवलं, रीतच हाय ते."

"रीत? जित्या माणसाला निर्वंश लिहायची?"

बाबा मध्येच म्हणाले, "मंग मी कोण आहो, बापू?"

बापूराव मनापासून गोड हसले. तेच मला अजून सहन होत नाही. "काका, तुमी आमचे पावने! पयल्या पंगतीत बसा. मानाचं पान तुमचं."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहिता येणार नाही, आपल्या घरात लहान मुलं आहेत. शेवटी म्हणालो, आमचं नाव खोडायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? तेव्हा बापूरावांचा मुलगा, बिचारा शांत स्वभावाचा, मोबाइल पुढं करून म्हणाला, "दादा, येणाऱ्यांच्या यादीत तुम्ही तुमचं नाव दरेकर लिवलं. आमाले तं समजलंच नाही कोण दरेकर. मले वाटलं तुमचे व्याही असतील."

मांडवात दोघंतिघं हसले. कंपनीच्या रांगेत हसले होते तसेच. बाबांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला, परत दिला.

आता आपल्याकडची पंगत तुम्हाला माहीत आहे. पहिली पंगत पाहुण्यांची, मग गावाची. घरचे वाढतात, आणि शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं घेऊन बसतात. बापूराव स्वतः पाट सरकवत होते, "काका, बसा." बाबा बसले नाहीत. मांडवाच्या कोपऱ्यात वरणाची बादली होती, ती त्यांनी उचलली. एक्याऐंशी वर्षांचा हात. बादली भरलेली. पहिल्याच पत्रावळीवर निम्मं वरण सांडलं. एक म्हातारी धावत आली, "द्या ना इकडं, तुमी कायले?"

"घरचा माणूस वाढते," बाबा म्हणाले आणि पुढच्या पत्रावळीकडे गेले.

पहिल्या दोन्ही पंगती त्यांनी वाढल्या. बसा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मी भाताचं टोपलं घेतलं, मागोमाग फिरलो, शर्टाची वाट लागली. शेवटच्या पंगतीला भात करपलेला आणि वरण थंड होतं. बाबा मांडी घालून बापूरावांच्या शेजारी बसले आणि सगळं जेवले. मग उठून देवीसमोर नारळ फोडला. दगडाकडे परत बघितलं नाही.

परतीला मी स्टिअरिंगवर हात आपटत होतो. वकील करतो, त्या दगडावर रात्रीतून... वगैरे. महागाव जवळ आलं तेव्हा मागून वच्छला आत्या म्हणाली, "सुध्या, तुया आज्याच्या खाली काही नाही म्हून एवढा भडकला. माह्यं नाव कोन्या दगडावर आहे रे? जिचं वावर खाऊन आपुन मोठे झालो, त्या मायचं तरी आहे का? तू केली असती वंशावळ तं लिवलं असतं का तू?"

मी गाडी तिसऱ्या गिअरवर आणली. खरं सांगतो, मी मनातल्या मनात वंशावळ करतच होतो, आणि त्यात गणपतच्या खाली थेट बाबांचं नाव होतं. सगुणा नव्हती. वच्छला नव्हती.

मी चिडलेला आहे, बापूरावांवर आहे, त्या रीतीवर आहे, आणि रजिस्टरपुढं उभ्या असलेल्या त्या बावीस वर्षांच्या पोरावर तर फारच आहे. दगड अजून तसाच आहे. बापूरावांनी निरोप पाठवलाय की मन दुखावलं असेल तर कोपऱ्यात एक ओळ टाकू. मी उत्तर दिलेलं नाही. आधी आपली आपण वंशावळ लिहू. पहिलं नाव सगुणा. ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्यांची, मावश्यांची, लेकींची नावं पाठवा. पुण्याच्या दाराची पाटी मी बदलली. इतकी लांब झालीय की बेलचं बटण सरकवावं लागलं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी गावी गेलो की आई पहिलं ताट माझं वाढते. सत्तावीस वर्षं. पाट, तांब्या, वरून तुपाची धार, सगळे उभे आणि मी एकटा जेवतोय. मला तो लाड वाटायचा. त्या दिवशीही आईनं पाट मांडला, ताट ठेवलं, आणि मी त्या ताटाकडे बघत उभाच राहिलो.

बाबा दारात पाय धूत होते. मागे न बघता आईला म्हणाले, "आधी वच्छलेले वाढ. त्याले मंग वाढजो, आपल्यासंगं."