मामेकुळ विचारलं तेव्हा

अमरावतीहून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले, तेव्हा बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "कोनाची हायेस थे इसरू नको." आई बाजूला उभी होती. तिने तोंड फिरवलं. तिला रडू येत असेल, असं मला वाटलं.

पुण्यात सहा महिन्यांत माझं 'मले-तुले' गेलं. ऑफिसात मीटिंगला बसून 'हो ना, अगदीच' म्हणायला शिकले. पण ओळख मात्र वऱ्हाडचीच मिरवली. आमचे मामा शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे मोठे बगीचेवाले. आईचे वडील म्हणजे अख्ख्या गावाचे आबा. माझं नाक आबांवर गेलंय, असंही मी फ्लॅटमधल्या मैत्रिणींना ऐकवायचे. त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या.

मागच्या वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरात एका घरी माझ्या लग्नाची बोलणी होती. आमच्याकडे सोयरीक जमवताना मामेकुळ, म्हणजे मुलीच्या आईचं माहेर, विचारतातच. आणि वऱ्हाडात दोन घरं समोरासमोर बसली की चहा येईपर्यंत काहीतरी नातं निघतंच. शेंदूरजनाघाट म्हणताच मुलाच्या आत्याबाई खुलल्या. आबांची बायको त्यांची चुलत बहीण निघाली.

"पन तिले तं पोरगी नवती," त्या सहज म्हणाल्या. "एकच पोरगा."

बाबांनी घाईघाईने उन्हाचा विषय काढला. आईने कप खाली ठेवला.

"मी त्यायच्या पोटची नाही," ती म्हणाली. "माही माय बगीच्यात संत्रा तोडाले आलती. थे तिथंच मेली. आबानं मले ठेवून घेतलं. कूळ मले मालूम नाही."

मी बाबांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून बसलेले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. समोरच्या कपाटाच्या आरशात मला माझा चेहरा दिसत होता, आणि ते नाक कोणाचं, तेच मला समजेना. इतकी वर्षं मी कोणाच्या नावाने तोरा मिरवत होते? मुलाकडचे 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत. त्याचं मला आता खरंच काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा अमरावतीला आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. घरात येईनात, ओट्यावरच बसले. डोळे लाल.

"मी तुहा कोन हावो, सुमन? साऱ्यायच्या देखत तोडलं तू मले."

"भाऊच हायेस," आई म्हणाली. "पन आजवर तुही माय सांगत आली मी. एक डाव माही सांगतली, तं काहून एवढं लागलं?"

मामा मग हळू आवाजात म्हणाले, "नाव काय होतं तिचं?"

"मीनं आबाले इचारलं होतं. थे म्हने, तवा कोनी इचारलंच नाही."

मामा रडले. आईने त्यांना हाताला धरून आत नेलं, पिठलं-भाकरी वाढली. मी मात्र तिथेच उभी राहिले. एक बाई दिवसभर तुमच्या झाडांखाली राबते, तिथेच मरते, आणि तिचं नावही कोणाला विचारावंसं वाटत नाही. हे माझ्याच मामेकुळात घडलं होतं.

आता पुण्यात वऱ्हाडकडचं कोणी भेटलं आणि 'कोणाच्या तुम्ही?' म्हणालं, की मी फक्त आईचं नाव सांगते. पुढचं विचारलं तर माहीत नाही म्हणते. लोकांना थट्टा वाटते. घर म्हटलं की मला आधी अमरावतीचा ओटा दिसतो, मग शेंदूरजनाघाटचा बगीचा, आणि त्याच्या मागे काहीच दिसत नाही.

तुम्ही जे तिकडे बगीचेवाले आहात, त्यांना एवढंच सांगणं. या हंगामात तुमच्याकडे तोडाईला बाया येतील. त्यांची नावं विचारा.