यांच्या पायाची नस

हे चिखलीच्या धान्यबाजारात काट्यावर मापारी होते. सकाळी उभे राहिले की दिवस मावळेपर्यंत बसणं नाही. डाव्या पायाच्या नसा फुगून निळ्याजांभळ्या झालेल्या, रताळ्याच्या वेलासारख्या वळ्या पडलेल्या. संध्याकाळी पाय ठणकायचा. मग सासूबाईंची हाक यायची, "अवं, त्याच्या पायाले तेल लाव."

आमचं घर म्हणजे माणसांचा बाजार. दिवसा नवऱ्याशी बोलायची सोय नाही, समोर आले की पदर सावरून बाजूला व्हायचं. त्या तेलाच्या वाटीनं मात्र मला त्यांच्याजवळ बसवलं. सगळ्यांदेखत, अन् काय टाप होती कोणाची काही म्हणायची! हे हळूच बाजारातल्या गमती सांगायचे, मी मान खाली घालून हसायचे. दिवसभर त्याच घटकेची वाट पाहायचे, खोटं कशाला बोलू? आज तेल आहे, सवड आहे, अडवणारं कोणी नाही; हे तेवढे नाहीत.

घोट्याजवळ जखम झाली तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. सासूबाई सोबत होत्याच. डॉक्टर म्हणाले, दोन रस्ते आहेत. जांघेत लहान छेद देऊन नस बांधायची. लवकर घरी जाल, पण पुढे पुन्हा फुगू शकते. नाहीतर तार घालून अख्खी नसच ओढून काढायची. दुखेल जास्त, मुक्कामही जास्त, पण पुन्हा फुगायची भीती कमी.

'नस बांधायची' ऐकलं अन् सासूबाई ताडकन उठल्या. तेव्हा गावोगाव नसबंदीचा गाजावाजा चालला होता. "अजून पाळणा हालला नाही घरात, अन् नस बांधून राह्यले? वंश बुडवता काय आमचा?"

"आजी, पायाची नस आहे ती."

"पायाची असो का कशाची! जांघेतच बांधता न? कोणती नस कुठं जाते, तुमी पाह्यलं काय?"

डॉक्टरांनी खरंच पाहिलं असणार! हे लाजून भिंतीकडे तोंड करून बसले, मी पदर तोंडात कोंबला. शेवटी ओढून काढायचंच ठरलं, कारण त्यात बांधणं नव्हतं.

सासूबाई दवाखान्यात राहिल्या, मला भाकरी थापायला घरी धाडलं. जेवणं झाली की हात आपोआप तेलाकडे जायचा. असा जीव तुटायचा म्हणून सांगू! पाय बरा व्हावा म्हणून देऊळगावच्या बालाजीला नवस बोलले होते, अन् तो बरा झाला की आपली बसायची जागा जाणार, हेही कळत होतं.

हे घरी आले. यथावकाश जखम भरली, ठणका गेला. एका संध्याकाळी मी सवयीनं वाटी उचलली.

"आता कायले तेल?" सासूबाई म्हणाल्या. "पाय तं बरा झाला. ठेव ते वाटी."

मी ठेवायला वळले, तोच बाजेवरून यांचा आवाज आला.

"उजवा दुखून राह्यला न व माय."

उजवा! त्या पायाला जन्मात कधी काही झालं नव्हतं.